निजल्याचे सोंग घेणारी ॲप्स

रात्री १०० टक्के भरून उशाशी ठेवलेला, कोणी बोटही न लावलेला मोबाईल सकाळी ८१वर आलेला पाहिला, म्हणजे धनी निजल्यावर कोठीवर हात मारणाऱ्या जुन्या कारभाऱ्यांची आठवण होते. पडदा काळोखा असला तरी, आपण बंद समजतो ती ॲप्स अधूनमधून प्रोसेसरला उठवतात, नेटवर्कशी हितगूज करतात आणि पुन्हा निजल्याचे सोंग घेतात. या चोरट्या जागरणास पायबंद घालण्याकरिता ‘ग्रीनिफाय’सारखी साधने निघाली, निवडलेल्या ॲपास ती सक्तीची निद्रा देतात. पुढे गूगलनेच २०१५ साली अँड्रॉइड ६मध्ये ‘डोझ’ची तजवीज केली : चार्जरविना, पडदा मिटून निश्चल पडलेल्या फोनात ॲप्सची कामे तहकूब राहतात व मधूनमधून मिळणाऱ्या अल्पशा मुदतीत एकदम उरकली जातात. अँड्रॉइड ११पासून तर महिनोन्‌महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्याही जप्त होतात. तेव्हा नव्या फोनावर निराळे साधन बहुधा अनावश्यकच. गजराच्या ॲपास मात्र निजविण्याचा अविचार करू नये. मी तो केला, आणि पहाटेची गाडी चुकली. अलीकडील ॲप्सची यादी घटकेघटकेला बोटाने झाडून टाकणे हा तर निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार, कारण तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उभे करण्यास बहुधा अधिकच वीज खर्ची पडते.