दातांची राखण वेळेवर



काजूला पालवी फुटली की ढेकण्यासाठी आपण फवारणी करतो. मोहोर करपल्यावर औषध मारून काय उपयोग? दातांचेही तसेच आहे.

गोड खाल्ले की तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात. ते दातावरच्या कवचातील क्षार विरघळवते आणि शेवटी खळगा पडतो. यालाच आपण दाताला कीड लागली असे म्हणतो. फ्लोराइड हे क्षार पुन्हा बसण्यास मदत करते; पडलेला खळगा मात्र ते बुजवीत नाही.

म्हणून सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती थुंकावी, गिळू नये. अति तेथे माती! चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडले, हाडेही अधू झाली.

मिश्री हे औषध नव्हे. तिने ठणका घटकाभर दबल्यासारखा वाटतो, पण कीड आत चालूच राहते. शिवाय तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. मातांनो, मुलांना तिची सवय लावू नका.

दुधाचे दात पडणारच, असे म्हणून दुर्लक्ष करू नये. दंतवैद्य मुलांच्या दातांना फ्लोराइडचा लेपही देतात. १९८० साली स्थापन झालेले गोवा दंत महाविद्यालय आज बांबोळीला आहे. पेडणे-डिचोलीहून ते दूर वाटते. तरी शेतीच्या कामातून एक दिवस काढा. देवाने दिलेल्या शरीराची राखण हेही आपले कर्तव्यच आहे.