म्हाताऱ्या घोड्याचे दात

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण माणसाच्या दैवाला उद्देशून वापरली जाते. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत मात्र तिचा उत्तरार्ध अक्षरशः खरा ठरतो. जबलपूरच्या रस्त्यांवर टांगे धावत असत त्या काळी, तोबऱ्यात हरभरा असूनही बरगड्या मोजता याव्यात असे घोडे दिसणे नवलाचे नव्हते. 'वय झाले' एवढे म्हणून मालक स्वस्थ बसे. टांगे गेले, पण वरातीच्या घोडीविषयी आणि ओझ्याच्या तट्टाविषयी तोच निवाडा आजही ऐकू येतो. वस्तुतः वार्धक्य हा काही रोग नव्हे. रोग बहुधा तोंडात असतो.

बैल घाईने गिळलेला चारा सावकाश रवंथ करून पुन्हा दळतो. घोड्याला ही सवलत निसर्गाने दिलेली नाही. चोवीस दाढांचे त्याचे जाते जे एकदा दळील तेवढेच खरे. हे जाते वर्षाला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर झिजते आणि जबड्यात दडलेली दाढ तेवढीच वर सरकते. ही ठेव पंचवीस-तीस वर्षे पुरते. नंतर दाढ आखूड होते, हलते आणि पडते.

घोड्याचा वरचा जबडा खालच्याहून रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची व खालच्या दाढांची आतली कड न झिजता धारदार होते आणि गाल व जीभ कापते. उतारवयात दाढांमध्ये फटी पडून त्यांत चारा कुजतो व हिरड्या सडतात. एक दाढ पडली की तिच्या समोरची दाढ, घासायला कोणी न उरल्याने, वाढत जाते.

घोडा मुका जीव. वेदना सोसूनही तो खात राहतो. लक्षणे मालकानेच ओळखावी लागतात. अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून पडणे, लिदीत लांब काड्या व अख्खे दाणे दिसणे, तोंडाला दुर्गंधी येणे, या त्यांतील प्रमुख खुणा होत. नीट न चावलेला चारा घशात अडकतो किंवा पोटशूळ उठवतो, आणि त्यात जीवही जातो.

उपाय अवघड नाहीत. वर्षातून एकदा, आणि उतारवयात दोनदा, पशुवैद्याने तोंड उघडून तपासावे व धारदार कडा कानशीने बोथट कराव्यात; मात्र म्हाताऱ्या दाढेची शिल्लक थोडी असल्याने हात आखडता ठेवावा. सडलेला दात काढल्यास घोड्याला आरामच पडतो. चारा बारीक कापून, भरडा भिजवून लापशीसारखा द्यावा. दाढा गेलेला घोडाही अशा खाण्यावर तग धरतो.

जबलपुरात १९४८ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. २००९ साली तेथे विद्यापीठ झाले आणि आज ते हिंगोली जिल्ह्यातील कडोळीच्या नानाजी देशमुखांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे विद्येची उणीव नाही. घोडेबाजारात तर माणूस शतकानुशतके घोड्याचे ओठ उचलून दात पाहत आला आहे. वरच्या कोपऱ्यातील दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास उमटणारी तपकिरी रेघ साधारण विसाव्या वर्षी टोकाला पोहोचते, हे जाणकार सांगतात. परंतु ते पाहणे किंमत ठरविण्यासाठी, आणि तेही पुढच्या दातांपुरते. जन्मभर ओझे वाहिलेल्या जनावराच्या मागच्या दाढा, त्याची किंमत शून्य झाल्यावरही, कोणी पाहील काय, एवढाच प्रश्न उरतो.