माणूस कोणी निवडायचा?

जानेवारी २०२३मध्ये नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांची रामकथा झाली. कथेला जोडून 'दिव्य दरबार'ही होता. महाराज गर्दीतून एकाला पुढे बोलावतात. त्याची अडचण त्यांनी कागदावर आधीच लिहून ठेवलेली असते. ती वाचून दाखवली की मंडपात जयघोष होतो.

याच शहरात १९८२ साली उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी महाराजांना आव्हान दिलं : आमच्यासमोर हे सिद्ध करा आणि ३० लाख रुपये घ्या.

चर्चा रकमेचीच झाली. खरी ताकद अटींमध्ये होती. समोर आणलेल्या दहा अनोळखी माणसांचं नाव, वय, मोबाइल नंबर आणि वडिलांचं नाव सांगायचं. शेजारच्या खोलीतल्या दहा वस्तू ओळखायच्या. ९० टक्के उत्तरं बरोबर हवीत. 'घरात कुणीतरी आजारी आहे', 'पैसा हातात टिकत नाही' ही वाक्यं दरबारात आलेल्या जवळजवळ कुणालाही लागू पडतात. मोबाइल नंबर असा लागू पडत नाही. दहा आकडे नुसत्या अंदाजाने जुळण्याची शक्यता कित्येक कोटींत एक. आणि दरबारात माणूस महाराज निवडतात, चाचणीत तो दुसऱ्यांनी निवडलेला असतो. सगळा फरक इथे आहे.

निवड दावेदाराच्या हाती असली की काय होऊ शकतं, हे अमेरिकेत १९८६ साली उघड झालं. पीटर पॉपॉफ हा धर्मोपदेशक सभेतल्या अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार धडाधड सांगायचा. जादूगार जेम्स रँडी यांच्या चमूने रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा पॉपॉफच्या कानातल्या यंत्रात त्याची बायको बोलत असल्याचं ऐकू आलं. लोकांनी सभेआधी भरून दिलेली माहिती ती त्याला सांगत होती. रेशीमबागेत असंच घडलं, असं म्हणायला पुरावा नाही. पण अशी शक्यता उरू नये, म्हणूनच चाचणी लागते.

नागपुरात ती झालीच नाही. १३ जानेवारीपर्यंत जाहीर झालेली कथा ११ तारखेलाच आटोपली. महाराज पळाले, असं समिती म्हणाली. कार्यक्रम आधीच कमी केला होता, असं महाराजांनी सांगितलं आणि मानव यांना रायपूरच्या दरबारात बोलावलं. म्हणजे पुन्हा त्यांचाच मंडप, त्यांचीच निवड. मानव यांना धमक्या आल्या, त्यांची सुरक्षा वाढवावी लागली. प्रश्न विचारणाऱ्याला पोलिसांच्या पहाऱ्यात राहावं लागणं ही अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे.

समितीच्या तक्रारीवर नागपूर पोलिसांनी चित्रफिती तपासल्या आणि जादूटोणाविरोधी कायद्याचा भंग झालेला नाही, असं कळवलं. भक्तांनी ते दिव्यशक्तीचं प्रमाणपत्र मानलं. पण पोलिसांनी पाहिलं ते गुन्हा घडला का, एवढंच. मनातलं खरंच ओळखता येतं का, हा त्यांच्या तपासाचा विषय नव्हता.

अशा चाचणीला सामोरं जाण्याचं धैर्य ज्योतिषांनी मात्र दाखवलं आहे. २००८मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने १०० हुशार आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं ते लिहून पाठवलं. बरोबर उत्तरं सुमारे ४६ टक्के निघाली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर आली असती.