चेहऱ्याचे वय आणि संगणक

नाटकात तरुण नटाला वृद्धाची भूमिका करावयाची असली, की रंगभूषाकार त्याचे केस पांढरे करतो, कपाळावर रेघा ओढतो आणि डोळ्यांखाली काळसर छाया भरतो. मागच्या रांगेतील प्रेक्षकाला तेवढे पुरते. चित्रपटाचा कॅमेरा मात्र चेहऱ्याच्या अगदी निकट जातो आणि तेथे रेघ ही रेघच दिसते. शिवाय रंगभूषा चेहऱ्यावर भर घालू शकते. असलेले काढून टाकणे तिला फारसे साधत नाही. ही मर्यादा अलीकडच्या काळात संगणकाने बऱ्याच अंशी ओलांडली आहे.

संगणकातील चेहरा म्हणजे असंख्य बिंदूंचे एक जाळे होय. प्रत्येक बिंदूचे स्थान आकड्यांत नोंदलेले असते. बिंदू सरकविले की नाक लांबते, गाल उतरतात. या जाळ्यावर मग त्वचेचे चित्र चढविले जाते. अशा चेहऱ्याला हालचाल देण्याचे आरंभीचे काम फ्रेडरिक पार्क यांनी १९७२ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात केले.

परंतु वय बदलण्यासाठी कोणते बिंदू कोठे न्यावयाचे? वय सुरकुत्यांत असते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. तान्ह्या मुलाकडे निरखून पाहावे. त्याचे कपाळ मोठे व पुढे आलेले, हनुवटी इवलीशी आणि डोळे डोक्याच्या मध्यापेक्षा खाली असतात. पुढे नाक व जबडा वाढत जातात आणि प्रौढपणी डोळे जवळजवळ मध्यावर येतात. जॉन पिटेंजर व रॉबर्ट शॉ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली कवटीची ही वाढ एका गणिती सूत्रात बसविली आणि चेहऱ्याच्या साध्या बाह्यरेषा त्यानुसार बदलून लोकांपुढे ठेवल्या. त्यांत एकही सुरकुती नव्हती. तरीही पाहणाऱ्यांनी लहान कोण व मोठा कोण, हे सातत्याने ओळखले. पुढे हेच सूत्र पशुपक्ष्यांच्या चित्रांना लावले, तेव्हाही तोच अनुभव आला!

प्रौढपणानंतरचे बदल निराळे असतात. त्वचा सैल पडते, ओठ पातळ होतात, गालांतील मेद ओसरतो, दात गेले की जबड्याचे हाड झिजते. १९९५ साली रोलंड व पेरेट या संशोधकांनी अनेक तरुण चेहऱ्यांची सरासरी व अनेक प्रौढ चेहऱ्यांची सरासरी काढून, दोहोंतील फरक एखाद्या तिसऱ्याच चेहऱ्यात मिळविण्याची युक्ती वापरली. युक्ती नामी खरी. पण प्रत्येकाच्या सुरकुत्या वेगळ्या जागी असल्यामुळे सरासरीत त्या पुसल्या जातात आणि चेहरा हवा तेवढा म्हातारा दिसत नाही.

‘द क्यूरियस केस ऑफ बेंजामिन बटन’ या २००८ सालच्या अमेरिकी चित्रपटाने सरासरीचा मार्ग सोडला. वृद्ध म्हणून जन्मून उत्तरोत्तर तरुण होत जाणाऱ्या माणसाची ही कथा. नट ब्रॅड पिट तेव्हा चाळिशीत होते. त्यांच्या चेहऱ्याचा साचा घेऊन त्यावरून साठ, सत्तर व ऐंशी वर्षे वयाचे मुखवटे शिल्पकारांनी हातांनी घडविले आणि ते संगणकात उतरविले. पिट यांचे हसणे, भुवया उंचावणे, ओठ मुडपणे हे सारे स्वतंत्रपणे टिपून त्या वृद्ध चेहऱ्यांना दिले. चित्रपटाच्या पहिल्या सुमारे बावन्न मिनिटांत दिसणारे नायकाचे मस्तक संपूर्णतः संगणकनिर्मित आहे. खालचा देह इतर नटांचा. दृश्य-परिणामांचे ऑस्कर पारितोषिक या कामास मिळाले. आमच्या मते त्यात मोठा वाटा त्या शिल्पकारांच्या हातांचा आहे.

‘द आयरिशमन’ या २०१९ सालच्या चित्रपटात उलट प्रवास होता. सत्तरी ओलांडलेल्या रॉबर्ट डी नीरो यांना तरुण दाखवावयाचे होते. मुख्य कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंस अवरक्त किरणांचे कॅमेरे ठेवून चेहऱ्याची हालचाल नोंदली गेली. चेहरा तरुण झाला. मात्र मारामारीच्या एका प्रसंगातील पावले व खांदे वृद्धाचेच राहिले, अशी टीका अनेकांनी केली. वय चालण्यातही असते, हे आपल्याकडील कोणताही जुना नट सांगू शकेल.

या विद्येचा एक उपयोग करमणुकीच्या पलीकडचा आहे. चार वर्षांचे मूल हरवले आणि दहा वर्षे लोटली, तर घरातील छायाचित्र शोधकार्यास पुरे पडत नाही. अशा वेळी कवटीच्या वाढीचे ज्ञान आणि संगणक यांच्या साहाय्याने चौदा वर्षांचा संभाव्य चेहरा तयार करतात. त्याकरिता मुलाची छायाचित्रे तर लागतातच, पण आईवडील व भावंडे यांची त्या वयातील छायाचित्रेही मागविली जातात, कारण कुटुंबाची ठेवण त्यांतून कळते. तयार झालेला चेहरा हा अंदाजच असतो. मात्र पाहणाऱ्याच्या मनात ओळखीची खूण जागी करण्यास तो पुरेसा ठरू शकतो.

शाळेत दरवर्षी काढलेले वर्गाचे छायाचित्र येथे मोलाचे ठरते. ते समोरून, उजेडात काढलेले व मागे तारीख लिहिलेले असावे. मोबाईलवरील चेहरा गुळगुळीत करण्याची सोय अशा वेळी बंद ठेवावी. तिने तीळ व व्रण पुसले जातात आणि शोध घेणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.