दैनंदिन संप्रेषणातील अशाब्दिक संकेत

संप्रेषण म्हणजे केवळ शब्दांची देवाणघेवाण नव्हे. चेहऱ्यावरील भाव, दृष्टी, हातवारे, आवाजाचा चढउतार, दोन व्यक्तींमधील अंतर, इतकेच नव्हे तर मौनही आशय व्यक्त करीत असते. भारतीय परंपरेला हा विचार नवा नाही. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार मानले असून त्यांपैकी वाचिक हा एकच प्रकार शब्दाश्रयी आहे.

देहबोलीवरील व्याख्यानांत मात्र एक आकडा हमखास ऐकू येतो : संदेशाचा ९३ टक्के भाग अशाब्दिक असतो. या आकड्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील दोन अभ्यासांत आहे. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याची आवड-नावड श्रोत्याला कशावरून कळते, एवढेच त्यांत तपासले होते. शब्द ७, स्वर ३८ व चेहरा ५५ टक्के हे प्रमाण भावना आणि वृत्ती यांच्यापुरतेच आहे, असे स्वतः मेहरेबियन यांनीही स्पष्ट केले आहे. एसटीची वेळ सांगताना ते लावू गेल्यास प्रवाशाची गाडी चुकणार हे उघड आहे.

भावनेच्या प्रांतात संकेतांचे सामर्थ्य निर्विवाद होय. मराठीतील ‘बरं’ हा शब्द संमती, प्रश्न, कंटाळा वा तंबी यांपैकी काय सुचवतो, हे स्वरच ठरवतो. ‘मी रागावले नाही’ असे तोंड फिरवून सांगितल्यास घरातील कोणीही त्यावर विश्वास ठेवत नाही.

खरी अडचण अर्थनिश्चितीची आहे. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे अनेक मराठी कुटुंबांत आदराचे मानले जाते. नोकरीच्या मुलाखतीत मात्र तीच नजर आत्मविश्वासाचा अभाव ठरू शकते. त्यात एखाद्या गुणी ग्रामीण उमेदवाराचे नुकसान होते. वस्तुतः चूक वाचणाऱ्याची असते. दवाखान्यात तर धोका अधिक गंभीर आहे. डॉक्टर बोलत असताना रुग्ण मान डोलावत राहतो. ती मान पुष्कळदा ‘ऐकतो आहे’ किंवा ‘तुमचा मान राखतो’ एवढेच सांगते, ‘समजले’ असे नव्हे. कोणती गोळी किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेतले, तरच डॉक्टरांना त्याची खात्री करून घेता येते.