गांजा सोडल्यानंतरचा पहिला महिना

गर्द, दारू आणि तंबाखू यांच्या तुलनेत गांजाविषयी एक समजूत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे, ती अशी की गांजाची तलफ केवळ मनाची असते, शरीराला त्याची सवय लागत नाही, आणि म्हणून मनात आणले की तो त्याच दिवशी सोडता येतो. ही समजूत अगदीच निराधार नाही. गर्द ओढणाऱ्याला माल न मिळाल्यास ज्या ‘टर्की’तून जावे लागते, म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, हातपाय पिळवटून काढणाऱ्या वेदना, उलट्या आणि जुलाब, त्या यातना गांजा सोडणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत, वर्षानुवर्षे अतिमद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास फिट येऊन वा भ्रमिष्टावस्था येऊन प्राणावर बेतू शकते, तशी भीतीही इथे नसते. परंतु त्रास कमी होतो म्हणजे काहीच होत नाही, असे नव्हे. रोज आणि अनेक वर्षे गांजा ओढणाऱ्याने तो थांबवल्यावर पुढच्या काही आठवड्यांत जे घडते त्याला ठरावीक क्रम आहे, मुदत आहे आणि शरीरशास्त्रीय कारणही आहे. ते ठाऊक नसल्यामुळेच सोडू पाहणारा माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी जागरणाने थकून, चिडून पुन्हा चिलमीकडे वळतो आणि गांजाशिवाय आपले डोके ठिकाणावर राहत नाही, असा नेमका उलटा निष्कर्ष काढतो.

हा प्रश्न नवा नाही. ब्रिटिश पार्लमेंटात झालेल्या चर्चेनंतर १८९३ मध्ये नेमल्या गेलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून अधिक साक्षीदारांकडून माहिती गोळा केली, आणि त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नावलीत ही सवय सहज जडते काय व ती मोडणे अवघड जाते काय, असे सरळच विचारलेले होते. १८९४ च्या अहवालाने माफक सेवन सर्वसाधारणपणे निरुपद्रवी ठरवले, अतिसेवन अपायकारक म्हटले, आणि वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत ‘गांजा’ हे वेडाचे कारण किती बेफिकिरीने, कसल्याही चौकशीवाचून लिहिले जात होते तेही उघड केले. त्या काळाच्या मानाने हे काम विलक्षण काटेकोर होते आणि गांजाचे समर्थक आजही त्याचा दाखला देतात तो अकारण नाही; मात्र अहवालाला अभिप्रेत असलेले माफक सेवन आणि सकाळी चहाच्याही आधी पहिला झुरका घेणाऱ्या माणसाचे सेवन यांतला भेद दाखला देताना सोयीस्करपणे गाळला जातो. शिवाय माल तोच राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजाच्या नमुन्यांत नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाचे प्रमाण १९९५ च्या सुमारास ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या घरात गेले. आणि मातीऐवजी पाण्यावर, बंद खोलीत कृत्रिम प्रकाशात वाढवलेला ‘हायड्रो’ गांजा बँकॉकहून आणताना मुंबईच्या विमानतळावर पकडला जाणे ही आता नित्याची बातमी झाली आहे.

टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, हा घटक इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूत नेमका कोठे काम करतो हे समजायला आणखी चोवीस वर्षे जावी लागली. १९८८ मध्ये त्याला ग्रहण करणारी केंद्रे मेंदूतील पेशींवर आढळली, त्यांना पुढे सीबी-१ हे नाव मिळाले. आणि १९९२ मध्ये या केंद्रांसाठी शरीर स्वतःच तयार करत असलेले एक रसायन सापडले, ज्याला मेशुलाम यांच्या चमूने संस्कृतचा आधार घेऊन ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. भूक, झोप, वेदना, भीती आणि स्मरण यांचे नियमन करणाऱ्या यंत्रणेचा हा भाग आहे. शरीराचे स्वतःचे रसायन गरजेपुरते आणि क्षणभरासाठी तयार होते, तर गांजातून येणारे टीएचसी त्या केंद्रांवर तासन्‌तास ठाण मांडते, आणि हे रोज घडू लागले की मेंदू आपल्या परीने तोल सांभाळण्यासाठी ती केंद्रेच कमी करतो. पूर्वी दोन झुरक्यांत होणारे काम पुढे अख्ख्या चिलमीनेही होईनासे होते ते यामुळेच. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पेट स्कॅनच्या अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्य आवरणात ही केंद्रे सुमारे २० टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि देखरेखीखाली सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यानंतर ती पुन्हा नेहमीच्या पातळीच्या जवळ आली. सोडणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी एकच वैज्ञानिक गोष्ट निवडायची झाली, तर ती हीच निवडावी लागेल.

मधल्या काळात मात्र मेंदूची अवस्था ओढग्रस्त संसारासारखी असते, कारण बाहेरून येणारा पुरवठा थांबलेला असतो आणि घरचा अजून पुरेसा सुरू झालेला नसतो. या अवस्थेत उमटणाऱ्या लक्षणांना वैद्यकात ‘विथड्रॉवल’ म्हणतात. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत गांजाच्या विथड्रॉवलला स्थान नव्हते. ॲलन बडनी आदी संशोधकांनी नियमित ओढणाऱ्यांच्या गांजा बंद केल्यानंतरच्या दिवसांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. चिडचिड आणि राग, धास्ती, झोपेचा बिघाड, भूक मंदावणे, अस्वस्थता, उदासी, आणि घाम, थरथर, पोटदुखी, थंडी वाजणे वा डोकेदुखी यांपैकी एखादा शारीरिक त्रास, या सात बाबींपैकी किमान तीन आढळल्यास हे निदान केले जाते.

टीएचसी चरबीत विरघळते आणि तिथे साठून राहते, त्यामुळे ते शरीराबाहेर सावकाश पडते. नित्य ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश महिनाभर वा त्याहूनही अधिक काळ सापडू शकतो, म्हणून घरच्यांनी तपासणीचा कागद पुढे करून ‘तू अजून ओढतोसच’ असा आरोप करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. या संथ उतारामुळेच त्रास पहिल्या दिवशी फारसा जाणवत नाही आणि माणूस ‘हे तर सोपेच आहे’ अशा भ्रमात राहतो. एक ते तीन दिवसांत लक्षणे डोके वर काढतात आणि पहिल्या आठवड्यातच कळस गाठतात. ताट समोर येते आणि दोन घासांनंतर बाजूला सरते, कारण जेवणापूर्वी ओढल्याशिवाय भूक लागते हेच शरीर विसरलेले असते. भाजीत मीठ कमी पडले, कोणी दार आपटले, एवढ्या कारणावरून घरात आवाज चढतो. रात्री अंथरुणावर पडून दीड-दोन वाजेपर्यंत छताकडे पाहणे होते आणि डोळा लागलाच तर पहाटे बनियन घामाने चिंब होऊन जाग येते. घरच्यांना ही चिडचिड मूळ व्यसनापेक्षा असह्य वाटते आणि ‘त्यापेक्षा ओढत होतास तेच बरे होते’ असे शब्द ज्या तोंडून कधीच यायला नकोत त्याच तोंडून येऊन जातात. बहुतेक लक्षणे दोन आठवड्यांत, काहींची तीन आठवड्यांत ओसरतात.

झोपेचा हिशेब सर्वांत उशिरा मिटतो. ज्या टप्प्यात स्वप्ने पडतात आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात, त्या झोपेला गांजा दडपतो, म्हणूनच नित्य ओढणारे बरेच जण आपल्याला स्वप्नेच पडत नाहीत असे सांगतात. दडपण निघाले की ही झोप जणू थकबाकी वसूल करते, आणि मग इतकी ठळक, विचित्र आणि अनेकदा भयावह स्वप्ने पडतात की माणूस झोपायलाच धास्तावतो. ही स्वप्ने महिनाभर वा अधिक काळ टिकू शकतात. ती वेडाची लक्षणे नव्हेत, हे आधीच सांगून ठेवले तर अर्धी भीती तिथेच संपते. मात्र जागेपणी कोणी नसताना आवाज ऐकू येणे, आपल्यावर पाळत आहे अशी खात्री वाटणे, किंवा जीव द्यावासा वाटणे ही विथड्रॉवलची नेहमीची लक्षणे नाहीत आणि तिथे दिवस मोजत न बसता मनोविकारतज्ज्ञाला तातडीने गाठले पाहिजे. दीर्घकाळ ओढणाऱ्या काहींना पोटात कळा येऊन वारंवार उलट्या होतात आणि कढत पाण्याने अंघोळ केल्यावरच थोडे बरे वाटते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवलेला हा विकार गांजामुळेच होतो आणि गांजा पूर्ण थांबवल्यावरच जातो, पण रुग्ण पित्ताची औषधे घेत वर्षे काढतो.

आपल्याकडच्या व्यसनात आणखी एक गुंता आहे, ज्याचा उल्लेख परदेशी साहित्यात त्या मानाने थोडा येतो. पुडी सोडून काड्या आणि बिया वेचून बाजूला काढायच्या, उरलेला गांजा तळहातावर अंगठ्याने मळायचा, त्यात सिगरेट मोडून काढलेली तंबाखू मिसळायची, चिलमीच्या गळ्यात खडा बसवून ती भरायची आणि तोंडाशी ओल्या कापडाची छापी गुंडाळायची, असा हा क्रम असतो. कागदात रोल करून ओढणारेही तंबाखू सोडत नाहीत. म्हणजे गांजा सोडणारा माणूस बहुधा नकळत निकोटिनही कमी करत असतो, आणि त्याची चिडचिड दोन्हीकडून येते. गांजा सोडून सिगरेटी दुपटीने वाढवणारे पुष्कळ दिसतात, पण हातात सिगरेट आली की मळण्याची आठवणही येते, त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही एकत्र सोडून तंबाखूसाठी निकोटिनच्या गोळ्या वा पट्ट्या डॉक्टरी सल्ल्याने वापरणे अधिक शहाणपणाचे. झोप येत नाही म्हणून रात्री दारू घेणे किंवा औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या परस्पर मिळवणे हा तर एका व्यसनाच्या जागी दुसरे बसवण्याचा राजमार्ग आहे.

गांजाच्या व्यसनावर मान्यताप्राप्त असे खास औषध आजवर नाही. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गांजापासूनच तयार केलेला नॅबिक्सिमॉल्स हा तोंडात मारायचा फवारा समुपदेशनाच्या जोडीने दिल्यावर सेवनाचे दिवस घटले, पण तो अजून सर्रास वापराचा उपचार झालेला नाही. डॉक्टर झोप, उदासी वा धास्ती यांवर गरजेपुरती औषधे देतात. मुख्य भिस्त असते ती बोधात्मक वर्तनोपचारावर, म्हणजे तलफ कोणत्या वेळी, कोणत्या विचारामागून आणि कोणाच्या संगतीत उठते ते समुपदेशकासह शोधून त्या प्रत्येक प्रसंगासाठी वेगळी कृती आधीच ठरवून ठेवण्यावर. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण रोजच्या गांजाला ठरलेली वेळ, ठरलेला कट्टा आणि ठरलेले मित्र असतात, आणि पुड्या फेकून दिल्या तरी संध्याकाळचे साडेसहा रोज वाजतातच. एकदम सोडावा की हळूहळू, यावर वाद घातला जातो. वैद्यकीयदृष्ट्या एकदम सोडण्यात सहसा धोका नाही, आणि घरात पुडी ठेवून रोज थोडे कमी ओढण्याचा बेत कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो व्यवहारात टिकत नाही. मध्येच एखाद्या दिवशी ओढले गेले तर ‘सगळे वाया गेले’ असे मानून पुन्हा रोजचे सुरू करणे ही त्या एका चिलमीपेक्षा मोठी चूक ठरते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना या सेवनामुळे उद्भवलेल्या अडचणींसाठी मदतीची गरज होती. म्हणजे घेणारे बहुसंख्य व्यसनी नसतात हे खरे, पण उरणारी संख्या मोठ्या शहराच्या लोकसंख्येएवढी आहे. त्यांतील फार थोडे उपचारांपर्यंत पोचतात, कारण एकीकडे ‘गांजासाठी कुठे कोणी दवाखान्यात जाते काय’ ही समजूत आणि दुसरीकडे पोलिसांची भीती. ही दुसरी भीती अनेकदा अज्ञानातून येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार गांजाच्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात हे खरे असले, तरी त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र गर्दच्या लाटेतून जन्मले, पण तेथील दार इतर व्यसनांनाही खुले आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो, आणि रोज ओढणाऱ्या बहुतेकांना दाखल होण्याची गरज न पडता तिथल्या बाह्यरुग्ण विभागातच उपचार घेता येतात. कोठे जावे हे ठरत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे आणि तिच्यावर केलेल्या फोनला पैसे पडत नाहीत.