तेरणेच्या उगमावरचे रान



तेर म्हटले की गोरोबाकाका आठवतात, आणि त्यांच्यामागोमाग तेरणेचे पात्र डोळ्यांपुढे येते. परंतु ही तेरणा निघते कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तिचा उगम आमच्या तेरखेड्याच्या परिसरात, बालाघाटच्या माथ्यावर आहे. तेथील उतारांवरच्या रानाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

रान म्हणजे लाकूडफाटा व चारा, एवढीच आपली समजूत असते. वस्तुतः डोंगरावरच्या रानाचे मुख्य काम रक्षणाचे होय. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात, त्यांनी भूमीची छिद्रे बुजतात, आणि पाणी आत मुरण्याऐवजी माती घेऊन उताराने धावते. तोच थेंब प्रथम पानावर, मग गवतावर व शेवटी पाचोळ्यावर पडला, तर त्याचा जोर मोडतो. मुळांनी केलेल्या वाटांनी पाणी मुरुमात उतरते आणि पुढे खालच्या विहिरींना लाभते. रान हे असे एकाच वेळी छत्रीही आहे आणि रांजणही आहे.

हे ज्ञान जुनेच आहे. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट या गावाने, कोसळत्या बर्फापासून वस्ती वाचावी म्हणून, वरच्या रानात १३९७ सालीच कुऱ्हाडबंदी केली होती. आपल्या सह्याद्रीत डोंगर खचून माळीण (२०१४), तळिये (२०२१) व इरशाळवाडी (२०२३) येथे केवढा अनर्थ झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. बालाघाटचे उतार तितके उभे नाहीत. येथे डोंगर एका रात्रीत अंगावर येत नाही. येथे माती वर्षानुवर्षे मुकाट्याने निघून जाते.

आता पाऊसच पालटला आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे कोसळणारा पाऊस अधिक जोराने कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पूर आला आणि कित्येक शेते खरवडून गेली. बुडालेले पीक पुढल्या हंगामी पुन्हा घेता येते. परंतु बोटभर माती घडण्यास शतके लागतात.

मग उपाय कोणता? झाडे लावावी, असे कोणीही सांगेल. मीही तेच केले होते. शाळेत असताना मुलांकडून एका टेकडीवर ओळीने गिरिपुष्प लावून घेतले. रोपे जगली, कौतुकही झाले. पण आज त्या झाडांखाली गवताचे पाते दिसत नाही आणि पावसात तेथून गढूळ पाणी वाहते. छत्री उभी राहिली, रांजण मात्र फुटकाच राहिला. ही चूक माझी होती.

त्यावरून शिकलो ते असे. पहिले गवत राखावे. दोन-तीन पावसाळे चराईबंदी पाळली तर मारवेल-पवन्या आपण होऊन येतात. चराई समूळ बंद करणे गरीब पशुपालकास परवडणारे नाही. म्हणून डोंगराचे भाग पाडून पाळीपाळीने ते मोकळे करावेत. झाडे नाना जातींची व नाना वयांची असावीत: धावडा, सालई, खैर, पळस, आपटा, हिवर. एक जात अवर्षणात वा किडीने गेली तरी दुसरी तग धरते. सर्व झाडे एकाच वेळी म्हातारी होत नाहीत. जुने खोड तोडले असेल तेथे फुटवे जपावेत, कारण त्यांची मुळे आधीच खोल गेलेली असतात. आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्यात. एक वणवा पाचोळ्याची सारी ठेव जाळून टाकतो.

अर्थात रान सर्वसमर्थ नाही. सारी भूमी पाण्याने तुडुंब झाल्यावर पूर येणारच, आणि खोलवरून खचणारा कडा मुळांनी धरवत नाही. तेथे वस्ती हलविणे हाच शहाणपणा. पण नित्याच्या पावसात रानासारखा पहारेकरी नाही.

येडशीजवळचे रामलिंग घाट अभयारण्य १९९७ पासून राखलेले आहे. श्रावणात आपण तेथे दर्शनास जाल, तेव्हा धबधब्याबरोबर पायाखालचा पाचोळाही थोडा उकरून पाहावा. खालची माती ओलसर आणि भुसभुशीत लागेल. तेरणेचे भवितव्य त्या ओलाव्यात आहे.